अवटू ग्रंथीची मंदता आणि वाढलेले वजन

प्रौढ वयात शरीर थोडेबहुत जड होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. तथापि काही व्यक्तींच्या बाबतीत हे जडत्व निराळ्या पावलांनी येते. जिते स्थानकावर दिवा-रोहा गाडीतून उतरून शाळेकडे पायी जाणारी एखादी चाळिशीची शिक्षिका डोळ्यांपुढे आणावी. दहा वर्षे ती हीच वाट चालत आली आहे. या वर्षी मात्र वाटेत तिला दोनदा थांबावे लागते. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते, बोटातील अंगठी निघत नाही, एप्रिलच्या उकाड्यात इतर घामाघूम झालेले असताना तिला पंखा नकोसा वाटतो. आवाज घोगरा झाला आहे, केस गळतात, मलावरोध आहे, पाळीच्या वेळी रक्तस्राव अधिक होतो आणि हजेरी घेताना नेहमीची नावे ऐन वेळी ओठांवर येत नाहीत. वर्षभरात वजन चार किलोंनी वाढले आहे. घरची माणसे म्हणतात, बसून बसून अंग सुटले. शाळेतील सहकारी म्हणतात, बाई हल्ली आळसावल्या. बाई रात्रीचे जेवण सोडतात, गुरुवार धरतात. वजनाचा काटा मात्र हलत नाही.

अशा वेळी दोष स्वभावाचा की शरीराचा, हे ठरविण्याचे साधन आज अगदी साधे झाले आहे. दंडातील थोडेसे रक्त काढून केलेली एक तपासणी त्यास पुरते. ती न करता वर्षानुवर्षे स्वतःस दोष देत राहणारी माणसे खेड्यांत व शहरांत सारखीच आढळतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई व गोवा यांसह देशातील आठ शहरांमधील ५ हजारांहून अधिक प्रौढ व्यक्ती तपासण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांत अवटू ग्रंथीची मंदता दिसून आली. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक होते. म्हणजे मोठ्या शाळेतील शिक्षकवर्गात अशी एखादी व्यक्ती असणे मुळीच नवलाचे नाही.

अवटू ग्रंथी, जिला सर्वजण थायरॉईड म्हणून ओळखतात, ती गळ्याच्या पुढील भागी श्वासनलिकेला बिलगून असते. आकार फुलपाखरासारखा, वजन अवघे १५ ते २५ ग्रॅम. अन्नपाण्यातून आलेले आयोडीन वेचून घ्यावयाचे आणि त्यापासून थायरॉक्झिन नावाचा अंतःस्राव तयार करून रक्तात सोडावयाचा, हे तिचे कार्य. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीने किती वेगाने काम करावे, किती उष्णता निर्माण करावी, हे या स्रावावर अवलंबून असते. स्राव कमी पडला की हृदय सावकाश चालते, आतडी सावकाश हलतात, त्वचा कोरडी पडते आणि विचारही मंदावतो. चूल तीच, लाकडे तीच, परंतु जाळ विझत आलेला, अशी ही अवस्था होय.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. पीयूषिका जो निरोप पाठविते त्यास टी.एस.एच. असे म्हणतात. वर्ग ऐकत नसेल तर गुरुजींचा आवाज चढतो. त्याचप्रमाणे अवटू ग्रंथी सुस्तावली की पीयूषिकेचा निरोप जोराने येऊ लागतो. यास्तव टी.एस.एच.चा आकडा वाढलेला असणे म्हणजे ग्रंथीचे कार्य कमी झालेले असणे होय. पुष्कळ सुशिक्षित माणसे येथेच फसतात. ‘थायरॉईड वाढला आहे’ असे म्हणून नेमका उलटा अर्थ करून बसतात. प्रौढांत हा आकडा सामान्यतः ०.४ ते ४ च्या दरम्यान असतो, आणि तो किंचित वर गेलेला दिसला तर डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून मगच निर्णय घेतात. केसगळतीवर मिळणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या चालू असल्यास तपासणीचा आकडा फसवा येऊ शकतो. त्या घेत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.

आता मूळ प्रश्न वजनाचा. ग्रंथीच्या मंदतेमुळे वजन वाढते हे खरे. पण ते किती वाढते, याविषयी फार मोठा गैरसमज रूढ आहे. केवळ या विकाराने वाढणारे वजन सामान्यतः दोन ते पाच किलोंच्या घरात असते. विकार फार तीव्र असेल तर अधिक. त्यातही मोठा वाटा चरबीचा नसून मीठ व पाणी यांचा असतो. त्वचेखाली एक चिकट पदार्थ साचतो, तो पाणी धरून ठेवतो. म्हणूनच चेहरा व हातपाय फुगल्यासारखे दिसतात, आणि तेथे बोटाने दाबले असता साध्या सुजेप्रमाणे खळगा पडत नाही. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत हे पाणी उतरते. अंगठी सैल होते, चेहरा पूर्ववत दिसू लागतो. परंतु ज्या व्यक्तीचे वजन वीस किलोंनी अधिक आहे, तिने ते सर्व गोळीने उतरेल अशी आशा बाळगू नये. उपचाराने कमी होणारे वजन एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा बहुधा कमीच असते. बाकीचे वजन अन्न व श्रम यांच्या हिशेबातले आहे, आणि त्याचा उपायही त्याच हिशेबात शोधावा लागतो.

हे वाचून कोणी निराश होण्याचे कारण नाही. किंबहुना यातच दिलासा आहे. ग्रंथीचे कार्य औषधाने पूर्ववत झाले की त्या व्यक्तीचे शरीर इतर कोणाही माणसाच्या शरीराप्रमाणेच वागू लागते. ‘मला थायरॉईड आहे, माझे वजन कधीच उतरणार नाही’ हे वाक्य उपचार न घेणाऱ्याच्या तोंडी काही अंशी खरे असेल. नियमाने गोळी घेणाऱ्याच्या तोंडी ते खरे नव्हे. मात्र क्रम चुकता कामा नये. आधी ग्रंथीचा उपचार, मग वजनाचा विचार. जाळ विझत आला असताना लाकडे कमी करून काय साधणार? विकार तसाच ठेवून उपास सुरू केले, तर अशक्तपणा तेवढा वाढतो. शिवाय अतिशय कमी खाल्ल्यास शरीर स्वतःच थायरॉक्झिनचे त्याच्या अधिक प्रभावी रूपात होणारे रूपांतर कमी करते आणि काटकसरीने जगू लागते. म्हणजे कडकडीत उपासाने मंदतेत मंदतेची भर पडते.

या विकारावरील उपचाराची कथा वर्गात सांगण्यासारखी आहे. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका सुजलेल्या, थंडगार, जवळजवळ निश्चल झालेल्या स्त्रीला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून पाहिला. त्यापूर्वी अशा रोग्यांना उपाय नव्हता. काही महिन्यांत ती स्त्री हिंडूफिरू लागली, आणि त्या अर्काच्या आधारावर पुढे २८ वर्षे जगली. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी या स्रावाचे शुद्ध स्फटिक मिळविले आणि १९२७ साली चार्ल्स हॅरिंग्टन यांनी तो प्रयोगशाळेत तयार केला. आज औषधाच्या दुकानात मिळणारी लेव्होथायरॉक्झिनची बारीक गोळी ही त्याचीच पुढची पायरी होय. ग्रंथी जे तयार करते तेच या गोळीत असते. म्हणून ‘एकदा लागली की सवय लागते’ ही भीती निराधार आहे. जन्मभर घ्यावी लागते याचे कारण सवय हे नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत ग्रंथी पुन्हा पूर्ण कार्यक्षम होत नाही, हे आहे.

गोळी घेण्याची रीत शिक्षकाच्या दिनक्रमात कशी बसवावी, हे येथे सविस्तर सांगणे इष्ट आहे. कारण औषध चालू असूनही गुण येत नाही अशा अनेक तक्रारींचे मूळ याच ठिकाणी असते. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही घ्यावयाचे नाही. चहासुद्धा नाही. सकाळच्या गाडीची घाई असलेल्यांस हे जड जाते. उठल्याबरोबर चहा आणि चहाबरोबर गोळी, असा परिपाठ पडतो व मात्रेचा काही भाग वाया जातो. उशाशी पाण्याचा तांब्या व गोळी ठेवून डोळे उघडताच ती घ्यावी. आंघोळ, पूजा, डबा होईपर्यंत वेळ आपोआप भरतो. ज्यांना हे मुळीच जमत नाही त्यांनी डॉक्टरांस विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या किंवा हाडांसाठी कॅल्शियम चालू असेल, तर त्यात आणि या गोळीत चार तासांचे अंतर हवे. नाहीतर ती आतड्यात नीट शोषली जात नाही. आपल्याकडील स्त्रियांत रक्तक्षय व ही मंदता एकत्र असणे नेहमीचेच असल्याने ही सूचना विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोकणातील पावसाळी दमट हवेत गोळ्या मूळ वेष्टनातच, कोरड्या जागी ठेवाव्यात.

रक्तात शिरलेल्या थायरॉक्झिनचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे एक आठवडा लागतो. त्यामुळे एखादे दिवशी गोळी चुकली तर अनर्थ होत नाही. त्याचबरोबर मात्रा बदलल्याचा पूर्ण परिणामही सहा ते आठ आठवड्यांपूर्वी कळत नाही. दहा दिवस घेऊन ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणे हा अधीरपणा होय. गर्भ राहिल्याचे कळताच अशा स्त्रीने ताबडतोब डॉक्टरांकडे जावे; त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते, आणि पहिले काही महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच स्रावावर विसंबून असते.

याउलट एक मोह टाळलाच पाहिजे. गोळीने जाळ वाढतो तर दोन गोळ्यांनी अधिक वाढेल व चरबी लवकर जळेल, असा तर्क काही जण लढवितात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत मेंढीच्या ग्रंथीच्या गोळ्या लठ्ठपणावर सर्रास विकल्या जात, आणि त्यापायी अनेकांचे हृदय बिघडले. गरजेपेक्षा अधिक मात्रेने नाडी धावते, हात कापतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात. आणि वजन उतरते ते चरबीइतकेच स्नायूंचेही. ज्यांची ग्रंथी निरोगी आहे त्यांनी वजनासाठी ही गोळी घेणे तर सर्वथा वर्ज्य आहे. ‘थायरॉईड मुळापासून बरा’ अशा जाहिराती असलेल्या चूर्णांविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

टी.एस.एच. योग्य पातळीवर आला, आता उरलेले वजन कसे उतरवावे? एक किलो चरबी म्हणजे साधारणतः ७,७०० उष्मांकांचा साठा. दररोज ३०० उष्मांक कमी पोटात गेले तर पंचवीस-सव्वीस दिवसांत एक किलो उतरावा, असा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात वेग याहून थोडा कमीच पडतो. हे ३०० उष्मांक कोठून वाचवावयाचे? चार कप चहातील प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजेच सुमारे १६० उष्मांक. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम तांदळाच्या पिठाची एक भाकरी सुमारे १७५. म्हणजे साखर सोडली व रात्रीच्या ताटातील एक भाकरी कमी केली की काम झाले. पेण भागातील ताट मुळात वाईट नाही. वालाचे बिरडे, मासळीचे कालवण, पालेभाजी यांनी पोट भरते व स्नायू टिकतात. वजन वाढविणारा भाग भाताच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाढपाचा, तळलेल्या पापडांचा आणि शाळेतून परतल्यावर चहाबरोबरच्या फरसाणाचा असतो. उपवासाविषयी ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपल्या लोकांनीच म्हणून ठेवले आहे. तुपातली साबुदाण्याची खिचडी व शेंगदाण्याचा लाडू यांनी भाकरीचा हिशेब कधीच मागे टाकलेला असतो.

कोबी, फ्लॉवर, मुळा खाऊ नये असे या रोग्यांस हटकून सांगितले जाते. हे पदार्थ फार मोठ्या प्रमाणात व कच्चे खाल्ले, आणि आयोडीनही कमी पडत असेल, तरच त्यांची बाधा संभवते. शिजवलेली कोबीची भाजी खुशाल खावी.

चालण्याच्या बाबतीत खेड्यातील शिक्षक सुदैवी आहेत. साठ-पासष्ट किलो वजनाच्या व्यक्तीने तासभर झपाट्याने चालल्यास दोनशे-अडीचशे उष्मांक खर्च होतात. स्थानकापासून शाळेपर्यंतची वाट वाहनाने न जाता पायी केली तर निराळ्या व्यायामाची सोय पाहावी लागत नाही. मात्र उपचाराच्या आरंभी, हृदय अजून मंद असताना, एकदम जोर करू नये. पहिल्या महिन्यात दम लागणार नाही एवढेच चालावे.

जिते गावाच्या संदर्भात मिठाचा विषय निघणे अपरिहार्य आहे. पेण, उरण, अलिबाग या भागांच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकत आले. आगरी समाजाच्या नावातच आगर आहे. मिठागरे आता पुष्कळ कमी झाली, तरी ‘आमच्या आगरातले मीठ खाणाऱ्यास आयोडीनची काय वाण?’ हा समज उरलाच आहे. समुद्राच्या मासळीत आयोडीन असते, हे खरे. परंतु उन्हात वाळवलेल्या खडे मिठात ते जवळजवळ नसतेच. म्हणून ते बाहेरून मिसळावे लागते. हिमालयाच्या पायथ्याशी कांग्रा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने मुलांतील गलगंड कसा ओसरतो, हे स्पष्ट दिसून आले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून साधे मीठ खाण्यासाठी विकण्यास देशभर मनाई आहे. ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत मिठात आयोडीनचे प्रमाण दर दहा लाख भागांस किमान १५ भाग असावे लागते. यावर वर्गात एक उत्तम उदाहरण होईल. १५ भाग म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. दहा ग्रॅम मिठात १५०, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज नेमकी तेवढीच. सत्तर वर्षांची बेरीज केली तर ती चार ग्रॅमही भरत नाही. एका चमच्याहून कमी! शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकात मीठ उघड्या भांड्यात, चुलीशेजारी राहू नये. ते झाकून, कोरडे ठेवावे व शक्यतो पदार्थ शिजत आल्यावर घालावे.

तथापि येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्या शिक्षिकेचे उदाहरण वर घेतले तिच्या विकाराचे कारण आज बहुधा आयोडीनची उणीव हे नसते. शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या ग्रंथीला परकी समजून तिचा नाश करीत असते. १९१२ साली जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी या प्रकाराचे प्रथम वर्णन केले. अशा रोग्याने आयोडीनयुक्त मीठ नेहमीप्रमाणे खावे, परंतु त्याने विकार बरा होईल या समजुतीने आयोडीनची औषधे अथवा अधिक मीठ घेऊ नये. अधिक मिठाने अंगात पाणी मात्र साचते.

शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग मुलांचा आहे. वर्गातील प्रत्येक जाड मुलाच्या ग्रंथीत दोष असतो, असे मुळीच नव्हे. खाण्यामुळे जाड झालेले मूल बहुधा आपल्या वयाच्या मुलांपेक्षा उंचही असते. ग्रंथी मंद असलेल्या मुलाची गोष्ट निराळी. त्याची उंची आधी थांबते, मग वजन वाढते. ज्या मुलाच्या पाठीमागे उभे राहणारे मूल वर्षभरात त्याच्या पुढे गेले आहे, चेहरा फुगीर आहे, त्वचा खरखरीत आहे, जे खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसते आणि थंडीत सर्वांआधी कुडकुडते, त्याच्याकडे शिक्षकाने लक्ष द्यावे. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मुले वर्षाला पाच ते सहा सेंटिमीटर वाढतात. ही वाढ चार सेंटिमीटरांहूनही कमी भरली तर तपासणी आवश्यक ठरते. हे ओळखण्यास भिंतीवर काढलेली एक पट्टी आणि जून व जानेवारी महिन्यांतील दोन प्रामाणिक नोंदी पुरेशा आहेत. प्रगतिपुस्तकावर मागील वर्षीचाच आकडा अंदाजाने वाढवून लिहिण्याची जी प्रथा काही ठिकाणी दिसते, ती अशा मुलाच्या बाबतीत फार महागात पडते. कारण न वाढलेली उंची कागदावर वाढलेली दिसते आणि एकमेव खूण पुसली जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येईल त्या दिवशी अशा नोंदी त्यांच्यापुढे ठेवाव्यात. गळ्याला सूज दिसणारी मुले व डाऊन सिंड्रोम असलेली मुलेही आवर्जून दाखवावीत. दुसऱ्या प्रकारच्या मुलांत हा विकार अधिक प्रमाणात आढळतो.

जन्मतः हा दोष असेल आणि पहिल्या काही आठवड्यांत उपचार झाला नाही, तर बुद्धीची कायमची हानी होते. परंतु तीन वर्षांच्या वयानंतर दोष उद्भवला असेल तर बुद्धी बहुधा शाबूत राहते. म्हणून हे मूल परीक्षेत नापास होतेच असे नाही. उलट ते शांत, आज्ञाधारक, एका जागी तासन्‌तास बसून अक्षर गिरवणारे असते, व शिक्षकांच्या तक्रारींच्या यादीत त्याचे नाव कधीच येत नाही. त्याचा उपचार याच कारणाने लांबतो.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत अशा मुलाच्या चेहऱ्यावरची सूज उतरते, चड्डी कमरेला सैल होते, पुढे उंची भराभर वाढू लागते. त्याच सुमारास आणखी एक बदल होतो. कालपर्यंत मुकाट बसणारे मूल बाकावर चुळबुळ करू लागते, शेजाऱ्याशी बोलते, अभ्यासातून त्याचे लक्ष उडाल्यासारखे वाटते. पालक घाबरून म्हणतात, गोळीने पोर बिघडले, आणि गोळी बंद करू पाहतात. हा बदल काही महिन्यांत बहुधा स्थिरावतो. वर्गशिक्षकाने पालकांना ही गोष्ट उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावी, आणि तोपर्यंत त्या मुलाला खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर जागा द्यावी.